नोकरी सोडून कॅसिनोत पूर्णवेळ पोकर, गोव्यात राहून पैशाचं गणित बसतं का?

पर्वरीकर_पत्तेवाला

नमस्कार मंडळी. प्रश्न थोडा लांब आहे, सांभाळून घ्या.

मी मूळचा कुडाळचा, बरीच वर्षं पर्वरीत भाड्याने राहतो, वेर्ण्याला एका फार्मा कंपनीत क्वालिटीला आहे. हातात ४२ हजार पडतात. शिफ्ट ड्युटी, झुआरी पुलावरनं रोजचं जाणं-येणं, आणि इन्क्रिमेंट म्हणाल तर दरवर्षी एचआरवाला हसून चहा पाजतो तेवढंच. तर गेली दोन-तीन वर्षं मी ऑनलाइन पोकर खेळत होतो आणि थापा नाही मारत, एक्सेलमधे रोजचं लिहून ठेवलंय, टीडीएस कापून वर्षाला दोन-सव्वादोन लाख सुटत होते, तेही नोकरी सांभाळून. मग ऑगस्ट २०२५ मधे ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला, ॲपवाल्यांनी पैशाचे गेम एका झटक्यात बंद केले आणि माझं ते वरचं उत्पन्न गेलं.

आता डोक्यात असं चाललंय की नोकरी सोडावी आणि मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटींवर पूर्णवेळ लाइव्ह पोकर खेळावं, अधनंमधनं ब्लॅकजॅक, त्याची बेसिक स्ट्रॅटेजी (कुठल्या पत्त्यांवर काय करायचं त्याचा तक्ता) पाठ आहे आणि काउंटिंग, म्हणजे पडलेले पत्ते मनात मोजणं, पण शिकतोय. नऊ लाख बाजूला आहेत. लग्न व्हायचंय, आई कुडाळला असते, भाडं-बिडं धरून महिन्याला ३५ हजार खर्च होतो. आधारवर पत्ता कुडाळचा आहे म्हणून गोंयकारांना जी एन्ट्री बंद आहे ती भानगड मला येणार नाही असं धरून चाललोय.

जुगार वाईट हे कृपया सांगू नका, ते आई फोनवर रोज सांगते. मला आकडे पाहिजेत. बरा खेळणारा महिन्याला किती काढतो, हाताशी किती पैसे लागतात, टॅक्सचं काय होतं. कोणी केलंय का हे?

साळगांवचो_सायबा

आईचं ऐक. पुढचा प्रश्न?

आणि एवढीच हौस असेल तर मटक्याची चिठ्ठी फाड की रे, एन्ट्री फी नाही, बूट घालायला लागत नाहीत, घरी येऊन नऊ वाजता जेवून झोपता पण येतं. हाहा.

माजी_डीलर

सायबा, मटक्यात जोडी लागल्यावर रुपयाला नव्वद मिळाले तरी जोड्या शंभर असतात, म्हणजे शंभरातले दहा रुपये बुकीवाल्याचे, शिवाय धंदा बेकायदा. रुलेट त्यामानाने सज्जन म्हणायचं, एक शून्य असलेल्या चाकावर शंभराला दोन रुपये सत्तर पैसे जातात, दोन शून्यं असली तर सव्वापाच.

पत्तेवाला, मी काही वर्षं बोटीवर डीलर होतो (कुठली ते विचारू नको), त्यामुळे ब्लॅकजॅकबद्दल सांगतो, पोकरबद्दल दुसरे सांगतील.

बेसिक स्ट्रॅटेजी पाठ असली तरी तू घराच्या म्हणजे कॅसिनोच्या मागेच असतोस, नियम चांगले असतील तर साधारण अर्धा टक्का. ब्लॅकजॅक लागल्यावर ३ ला २ देतात की ६ ला ५ ते आधी टेबलावर वाच, ६ ला ५ असेल तर आणखी सव्वा-दीड टक्का तिथेच गेला. आता काउंटिंग. जिथे पत्ते पिसणारं मशीन सतत चालू असतं आणि खेळून झालेले पत्ते लगेच आत जातात, तिथे मोजायला काही उरतच नाही, डोक्याला ताप नुसता. जिथे शू (पत्ते वाटायचा डबा) आहे तिथे सहा किंवा आठ कॅट असतात आणि कट कार्ड, म्हणजे इथे थांबून पिसा अशी खूण, मधेच कुठेतरी टाकलेलं असतं, म्हणजे मोजणी पिकायला लागते तेव्हाच पत्ते परत पिसायला जातात.

तरीपण धर की तू एकदम पक्का काउंटर आहेस आणि तुला एक टक्का वरचढ मिळतो, हा सगळ्यात चांगला केस झाला. तासाला ६० हात म्हणजे डाव, सरासरी बेट म्हणजे एका डावाला लावलेले पैसे दोन हजार. म्हणजे तासाला तुझी अपेक्षित कमाई १२०० रुपये. ऐकायला बरं वाटतं. पण त्याच तासात तुझा हिशोब वर-खाली किती हलतो माहीत आहे का, सतरा-अठरा हजार. शंभर तास बसलास तर अपेक्षा सव्वा लाखाच्या आसपास आणि हेलकावा पावणेदोन लाखांचा, म्हणजे सगळं बरोबर खेळून, एकही चूक न करता, शंभर तासांनंतर तोट्यात असण्याची शक्यता चारात एक. आणि खरा काउंटर सरासरीवर बसून राहत नाही, पत्ते चांगले असताना मोठी बेट लावतो, म्हणजे हेलकावा याहून जास्तच.

आणि ती मोठी बेट कधी पडते हे बघणारे लोक वर कॅमेऱ्यासमोर बसलेले असतात. त्यांना तू मोजतोयस हे सिद्ध करायची गरज नाही. पिट बॉस (टेबलांवर लक्ष ठेवणारा सुपरवायझर) येऊन गोड बोलतो, सर आज तुम्ही दुसरे गेम खेळा ना. संपलं. लंडनमधे २०१२ साली फिल आयव्हीसारख्या पोकरमधल्या बड्या माणसाने पुंतो बांको नावाच्या पत्त्यांच्या खेळात ७७ लाख पाउंड जिंकले होते, पत्त्यांच्या पाठीच्या नक्षीतला बारीक फरक ओळखून. कॅसिनोने पैसे दिलेच नाहीत, केस वरच्या कोर्टापर्यंत गेली आणि २०१७ मधे तो हरला. त्याच्याकडे वकिलाला द्यायला पैसे होते. तुझ्याकडे नऊ लाख आहेत.

एन्ट्रीचं पण डोक्यात घे. १ फेब्रुवारी २०२० पासून गोंयकारांना गेमिंगच्या भागात बंदी आहे, म्हणजे कॅसिनो पर्यटकांसाठी. तू आधार दाखवून आत जाशील एक-दोनदा, पण आठवड्यातून पाच रात्री तोच चेहरा पर्वरीहून बाइकवर येतोय हे काउंटरवरच्या मुलीला पण कळतं. तुझी भाडेपावती, पीएफ, कंपनीचं कार्ड, सगळं गोव्याचं आहे. पूर्णवेळ धंदा आणि दाखवायचं टुरिस्ट म्हणून, हे किती दिवस चालेल ते तूच ठरव.

पर्वरीकर_पत्तेवाला

दादा थँक्यू, असंच पाहिजे होतं. ब्लॅकजॅक सोडून दिला समजा. पण पोकरमधे तर मी घराशी खेळत नाही ना, समोरच्या माणसाशी खेळतो, आणि शनिवारी रात्री बोटीवर दिल्ली-अहमदाबादहून आलेले टुरिस्ट कसे खेळतात ते मी मागे उभं राहून बघितलंय, हातात काही नसताना कॉल मारतात. तिथे तर वरचढ मिळेल की.

रिव्हरवर_गेलेला

मिळेल. मी खेळलोय पूर्णवेळ, काही काळ पुण्याहून ये-जा करत आणि मग पणजीत राहून, आता दुसरं काम करतो. लाइव्हमधले लोक ऑनलाइनपेक्षा खरंच ढिले खेळतात, यात वाद नाही. पण तुझं एक्सेल घेऊन लाइव्हमधे जाऊ नकोस, तिथे हिशोबच वेगळा आहे.

पहिली गोष्ट स्पीड. ऑनलाइनला तू तीन-चार टेबलं एकदम लावत असशील, तासाला दोन-अडीचशे हात सहज. लाइव्हमधे तासाला २५ ते ३० हात, त्यात एखादा काका प्रत्येक हाताला पाच मिनिटं विचार करणार, दुसरा बिर्याणी मागवून टेबलावरच खाणार. समजा १००-२०० चा टेबल आहे, म्हणजे पत्ते बघायच्या आधी दोघांना सक्तीने लावायला लागणारे स्मॉल ब्लाइंड १०० आणि बिग ब्लाइंड २००, आणि बाय-इन, म्हणजे बसताना टेबलवर आणायचे पैसे, २० हजार. तू रेक (कॅसिनोचा कट) आणि टिप काढून तासाला दोन बिग ब्लाइंड जिंकतोस, म्हणजे चारशे रुपये. हा आकडा कमी वाटत असेल पण वर्षभर टिकवून दाखवणारे थोडे असतात, लोक पाच-दहा सांगतात ते चांगल्या महिन्यातलं सांगतात. महिन्याला १२० तास बसलास तर ४८ हजार. आणि त्या १२० तासांचा हेलकावा किती, एक लाखाच्या वर. म्हणजे दर तीन महिन्यांतला एक महिना तू नुसता तोट्यात जाणार, नीट खेळून. असे दोन-तीन महिने लागोपाठ आले तर घरमालक काही तुझं एक्सेल बघत नाही.

रेकबद्दल पण सांगतो. पॉटमधनं, म्हणजे डावात जमलेल्या पैशातनं, पाच टक्क्यांच्या आसपास जातो, वर कॅप (कमाल मर्यादा) असते. छोट्या टेबलावर पॉट छोटे, मग कॅप लागायच्या आधीच प्रत्येक पॉट पूर्ण पाच टक्के देतो. त्यामुळे छोट्या टेबलवर रेक मारतो आणि मोठ्या टेबलवर माणसं मारतात. मोठ्या टेबलवर बसलेले रेग, म्हणजे रोजचे खेळणारे, एकमेकांना ओळखतात, सगळे त्याच दोन टुरिस्टांकडे बघत असतात, सगळ्यांनी मिळून पाण्यात एकच मासा ठेवलेला असतो म्हण ना. तो उठून गेला की टेबल तुटतो. पावसाळ्यात, आठवड्याच्या मधल्या दिवशी, कितीदा मी जाऊन नुसता बसून परत आलोय, टेबलच लागत नाही. एन्ट्री मात्र दिलेली. पोकररूमवाले ओळखीच्याला कधी एन्ट्री सोडतात, कधी नाही, त्यांच्या मूडवर. आणि एन्ट्रीच्या पॅकेजमधे जे ओटीपी (वन टाइम प्ले) कुपन मिळतात ते कॅश करता येत नाहीत, एकदा लावायचे, गेले तर गेले, पोकरला तर त्याचा काही उपयोगच नाही.

दुसरी गोष्ट तुझे नऊ लाख. त्यातनं वर्षाचा खर्च चार लाख वीस हजार वेगळा काढ, कारण पगार बंद होणार. राहिले चार ऐंशी, म्हणजे २० हजारांचे २४ बाय-इन. नोकरी असताना २४ पुष्कळ आहेत, कारण पगारातनं परत भरता येतात. नोकरी नसताना ४०-५० तरी पाहिजेत असं सगळेच खेळणारे सांगतात, आणि मी म्हणेन ते सुद्धा घरखर्च वेगळा ठेवून. बॅंकरोलमधनं, म्हणजे खेळायला बाजूला ठेवलेल्या पैशातनं, भाडं द्यायला सुरुवात झाली की खेळ बदलतो, ते प्रत्यक्ष टेबलवर दिसतं. पाच तारीख जवळ आलेला माणूस ब्लफ करत नाही, जिंकत असला की लवकर उठतो आणि हरत असला की उजाडेपर्यंत बसतो. आम्ही अशांना तारखेवरनं ओळखायचो.

स्टेकिंगचं कोणी सांगेल तुला, म्हणजे दुसऱ्याने पैसे लावायचे आणि नफा वाटून घ्यायचा. तोंडी चालतं सगळं. एक जण माझा हिस्सा घेऊन गायब झाला, बँकॉकला खेळतोय असं ऐकलं. कोर्टात जायची सोय नाही.

म्हापशाचा_सीए

कोर्टाचं बरोबर आहे, १८७२ च्या करार कायद्याचं कलम ३० सांगतं की पैजेचा करार रद्दबातल. जिंकलेले वसूल करायला दावा लावता येत नाही.

आता मी टॅक्सवर येतो कारण वर सगळ्यांनी जे आकडे दिले ते टॅक्सच्या आधीचे आहेत, आणि खरा खड्डा तिथेच आहे. माझ्याकडे असे दोघे-तिघे येऊन गेलेत, प्रत्येकाला वाटतं धंदा आहे तर नफ्यावर टॅक्स बसेल. तसं नाहीये बाबा.

लॉटरी, पत्त्यांचे खेळ, कुठलाही जुगार, यातल्या जिंकलेल्या रकमेवर सरळ ३० टक्के, वर ४ टक्के सेस, म्हणजे ३१.२. जुन्या कायद्यात ते कलम ११५ बीबी होतं, नवीन कायद्यात नंबर बदललाय, दर तोच. पत्त्यांचे खेळ हे कायद्यात शब्दशः लिहिलंय, त्यामुळे पोकर कौशल्याचा खेळ आहे हे भाषण तिथे कामाचं नाही. बेसिक सूट मिळत नाही. १२ लाखांपर्यंत टॅक्स नाही म्हणून जी जाहिरात झाली ती रिबेट या पैशाला नाही. एन्ट्री फी, पेट्रोल, पोकरचा कोर्स, काहीही खर्च म्हणून वजा होत नाही. आणि मुख्य म्हणजे हरलेले पैसे जिंकलेल्यातनं वजा होत नाहीत.

हे शेवटचं नीट समजून घे, आकड्यात सांगतो. समजा वर्षभरात ज्या रात्री तू जिंकलास त्या सगळ्या मिळून १८ लाख, ज्या रात्री हरलास त्या मिळून १४ लाख. तुझ्या एक्सेलमधे चार लाख नफा, तू खूश. टॅक्स लागणार १८ लाखांवर, म्हणजे ५ लाख ६१ हजार ६०० रुपये. चार लाख कमावलेस आणि साडेपाचच्या वर सरकारला दिलेस, तू एक लाख ६१ हजारांनी खड्ड्यात, अजून भाडं दिलेलं नाही, जेवलेला नाहीस. तुझा ३५ हजारांचा खर्च भागवायचा असेल तर १४ लाख हरलास त्या वर्षी साडेसव्वीस लाखांच्या आसपास जिंकायला लागतील. इतकं कोण जिंकतं रे? रिव्हरवाले दादा सांगतील. आणि मी इथे उदार होऊन एका रात्रीचं वजा-बेरीज करून धरलंय, एकेक डाव वेगळा धरला तर विचारूच नको.

ऑनलाइनला असं नव्हतं, म्हणून तुझं एक्सेल तुला फसवतंय. १ एप्रिल २०२३ पासून ऑनलाइन गेमिंगला वेगळं कलम आलं, त्यात ॲपवाला वर्षभरात तू काढलेले पैसे आणि भरलेले पैसे यांचा फरक बघून निव्वळ रकमेवर ३० टक्के कापायचा. म्हणजे त्याच ॲपवर हरलेले आपोआप वजा व्हायचे. बोटीवर ती सोय नाही.

आता जीएसटी. ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० झाला. आणि तो कॅसिनोच्या कमाईवर नाही, चिप्स विकत घ्यायला तू जेवढे पैसे देतोस त्या पूर्ण रकमेवर. जिंकलेल्या चिप्स परत लावल्यास तर त्यावर पुन्हा लागत नाही तेवढंच समाधान. पण न खेळता चिप्स परत केल्यास तरी कॅसिनोला तो टॅक्स सुटत नाही. हा भार कॅसिनो गिऱ्हाईकाकडून सरळ घेतो की थोडा आपल्या अंगावर घेऊन एन्ट्री आणि पॅकेजमधनं काढतो ते त्या त्या काउंटरवर विचार, पण सगळा तुझ्यावर टाकला असं धर. २० हजारांच्या चिप्स घ्यायला २८ हजार. तुझ्या टेबलवरच्या भाषेत ४० बिग ब्लाइंड, खुर्चीवर बसायच्या आधी गेले. तासाला दोन ब्लाइंड जिंकणाऱ्याला ते भरून काढायला वीस तास.

ऑनलाइनला पण २८ होता, तुला जाणवला नसेल कारण बरेच ॲपवाले तेवढेच पॉइंट परत देत होते, गिऱ्हाईक पळू नये म्हणून. तुझ्या सव्वादोन लाखांत त्या पॉइंटचा वाटा किती होता ते एकदा एक्सेल उघडून बघ.

पर्वरीकर_पत्तेवाला

बघितलं. बराच आहे. लिहीत नाही किती.

पण सीएसाहेब, खरं सांगा, कॅशचा धंदा आहे, एवढं सगळं दाखवतो कोण?

म्हापशाचा_सीए

पॅन घेतात, दहा हजारांवर जिंकलास तर टीडीएस कापला जातो, तो तुझ्या २६ एएसमधे, म्हणजे टॅक्स खात्याकडच्या टीडीएसच्या नोंदीत, दिसतो. न दाखवलेली कॅश घरात ठेवून तू काय करणार, कपाटातनं काढून भाजी आणशील, ठीक आहे. फ्लॅट घ्यायला गेलास, बँकेत भरलीस, की पैसा कुठून आला याचं उत्तर लागतं. पूर्णवेळ उपजीविका असलेल्या माणसाला हे लपवून जमत नाही, हौशी माणसाचं एक वेळ खपतं. याच्यापुढे मी या विषयावर इथे लिहिणार नाही.

पणजी_लॉजवाला

मी गणितातला नाही. माझं छोटं लॉज आहे, जेटीपासून चालत जाण्यासारखं, गिऱ्हाईक निम्मं कॅसिनोवालं. दोन दिवसांचे टुरिस्ट वेगळे, ते हरतात, हसतात, काजू घेऊन घरी जातात. मी सांगतो ते महिन्याच्या भाड्याने खोली घेणारे, प्रोफेशनल म्हणवणारे.

पहिल्या महिन्यात एसी रूम, ॲडव्हान्स, पोरांना टिप, मला पण अण्णा अण्णा करून चॉकलेटचा डबा. दुसऱ्या महिन्यात अण्णा, नॉन-एसी रिकामी आहे काय, तसं पण मी रात्री नसतोच. तिसऱ्या महिन्यात दुसरा कोणी तसलाच शोधून खोली शेअर. नंतर माझ्याकडे लॅपटॉप ठेवून जातात, दोन दिवसांत सोडवतो म्हणून. ऑफिसच्या कपाटात आत्ता एक लॅपटॉप आणि एक घड्याळ आहे, पावतीसकट, मालकाचा फोन लागत नाही. खालच्या टपरीवाल्याकडे भाजी-पावची उधारी असते ती वेगळीच, तो माझ्याकडे बघून माझं गिऱ्हाईक म्हणून देतो आणि मग मलाच विचारायला येतो.

सगळेच असे नाहीत. एक जण होता हुबळीकडचा, खूप दिवस टिकला, भाडं कधी चुकलं नाही. त्याचं मला नंतर कळलं, गावाकडे सुपारीची बाग होती, घरनं पैसे यायचे.

म्हार्दोळची_ताई

लॉजवाले अण्णांनी जे लिहिलं ते आमच्या नात्यात घडलंय म्हणून लिहिते, नावगाव सांगत नाही.

पत्तेवाला, तू महिन्याच्या कमाईचं विचारतोयस, पण पगार गेला की आणखी काय काय जातं ते धरलंस का? पीएफमधे कंपनीचा हिस्सा बंद. कंपनीचा मेडिक्लेम बंद, त्यात आईचं नाव असेल तर तिचा पण, आणि साठीच्या पुढच्या माणसाची नवी पॉलिसी घ्यायला गेलं की हप्ता बघून डोळे पांढरे होतात. सॅलरी स्लिप नाही म्हणजे बँक कर्जाला उभं करत नाही, तीन वर्षांचे रिटर्न दाखव म्हणते, आणि तुझ्या रिटर्नमधे उत्पन्न काय लिहिलेलं असणार, जुगारातलं. आमच्याकडच्याला साधी बाइक फायनान्सवर मिळाली नाही, शेवटी बहिणीच्या नावावर घेतली, हप्ते पण तीच फेडतेय.

लग्नाचं तू लिहिलंस म्हणून. स्थळ सांगायला आलेल्यांना काय सांगणार? आमच्याकडे "हॉस्पिटॅलिटीत आहे" असं सांगितलं होतं. साखरपुड्यानंतर मुलीच्या मामाने पणजीत चौकशी केली.

आणि एक, ते परदेशातले ॲप आहेत ना, टेलिग्रामवरनं लिंक येते, तिकडे वळू नकोस. जिंकलेले पैसे कुणाच्या तरी भलत्याच खात्यातनं आले, ते खातं फ्रॉडमधलं निघालं आणि पोलिसांनी याचं पण खातं गोठवलं, त्यात नुकताच पडलेला त्याच्या बायकोचा पगार अडकला. सायबर सेलला फेऱ्या मारून मारून तिची रजा संपली.

साळगांवचो_सायबा

ताई, हे वाचून मी मटका पण सोडला.

पर्वरीकर_पत्तेवाला

सगळ्यांचे आभार, एवढं डिटेलमधे कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. सध्या राजीनामा टाइप करून ड्राफ्टमधेच ठेवलाय, पाठवत नाही. रिव्हरवाले दादा, एक विचारू का, नोकरी ठेवून महिन्यातनं एखाद्या शनिवारी खेळलो तर? म्हणजे कमाई म्हणून नाही.

रिव्हरवर_गेलेला

खेळ की. सिनेमाला जातोस तसं, खिशात ठरवलेले पैसे, एटीएम कार्ड घरी. फक्त सीएने वर सांगितलेला टॅक्स त्या एका शनिवारी जिंकलास तरी लागतो. आणि एक्सेल लिहिणं सोडू नकोस, फक्त त्यात एन्ट्री, बोटीवरची टिप, परत येतानाची टॅक्सी हे पण कॉलम टाक. बहुतेक लोक तेच टाकत नाहीत.

पर्वरीकर_पत्तेवाला

टाकतो. सीएसाहेब शेवटचा प्रश्न, आधीचे जे ऑनलाइनचे पैसे आहेत त्यावर ॲपने टीडीएस कापलाच होता, मग रिटर्नमधे परत दाखवायचे का? कंपनीतला मित्र म्हणतो कापला की विषय संपला, फॉर्म १६ लावून नेहमीचा सहज फॉर्म भर.

म्हापशाचा_सीए

मित्राला सांग, क्वालिटीचं बघ. टीडीएस कापला तरी उत्पन्न दाखवायला लागतं, आणि हे उत्पन्न असेल तर सहज म्हणजे आयटीआर-१ चालत नाही, पगारदाराला आयटीआर-२. त्यात इतर उत्पन्नाच्या शेड्युलमधे ऑनलाइन गेमची वेगळी ओळ आहे, तिथे निव्वळ रक्कम टाकायची, कापलेल्या टीडीएसचं क्रेडिट घ्यायचं आणि एआयएसमधला, म्हणजे टॅक्स खात्याकडच्या तुझ्या वर्षभराच्या व्यवहारांच्या पत्रकातला, आकडा जुळतोय का बघायचं. ज्या वर्षाचं चुकीच्या फॉर्ममधे भरलं असशील ते सुधारता येतं, पण उशीर होईल तसा जादा टॅक्स वाढत जातो, पहिल्या वर्षात २५ टक्के, मग ५०, ६०, ७०. इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर लॉगिन करून आधी एआयएस डाउनलोड कर. आणि ॲपच्या अकाउंटमधनं टीडीएस सर्टिफिकेट आणि भरलेल्या-काढलेल्या पैशांची पूर्ण स्टेटमेंट आजच उतरवून घे, त्यांचा धंदा बंद झालाय, सर्व्हर कधी बंद करतील सांगता येत नाही.